जेटीमागची वस्ती सुधारली तर गावातली साथ थांबेल?

खाडीकाठ:
जेटीमागच्या खलाशी वस्तीत नळ, गटार आणि शौचालयं करायचा विषय ग्रामसभेत 'बाहेरच्यांवर गावाचा पैसा कशाला' म्हणून बारगळला. मला हे पटलेलं नाही. 1 जूनला मासेमारी बंद झाली की नेपाळचे, कर्नाटकातले खलाशी घरी जातात. मागे उरतात निळे बॅरल, ताडपत्र्या, थर्माकोलचे खोके. जुलैत एका बॅरलमध्ये वाकून बघितलं, तर पाणी अळ्यांनी वळवळत होतं. डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो नि शे-दोनशे मीटर सहज उडतो. आमची वाडी तेवढ्याच अंतरावर आहे. नळ नाही म्हणून बॅरल आहेत.

कौलारू:
घरं अतिक्रमणातली, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, नोंद नाही, घरपट्टी नाही. आम्ही वर्षानुवर्षं भरतोय, आमच्या वाडीची पाखाडी (दगडी पायवाट) अजून फुटकीच. सीझनभर खलाशांच्या जिवावर कमावतात ते ट्रॉलरमालक. सोय त्यांनी करावी.

जुनीबाव:
खाडीकाठ, तुमचा म्हणणा खरा, पण आमच्या बावीचा काय? वरच्या अंगाला सार्वजनिक शौचालय झालं, शोषखड्डा थेट जांभ्या दगडात खणला. जांभा म्हणजे भेगाच भेगा, पाणी गाळायला माती कुठे आहे? पहिल्या मोठ्या पावसातच बावीच्या पाण्याला वास यायला लागला. त्या महिन्यात घरातल्या दोघांना कावीळ झाली. बायकांना अंधारात कातळावर जावं लागत नाही, हे मोठंच आहे, मी ते नाकारत नाही. पण घाईत खणलेला खड्डा रोग फक्त एका वाडीतून दुसऱ्या वाडीत नेतो.

खाडीकाठ:
जुनीबाव, हे मी धाग्यात लिहायला हवं होतं. जांभ्यात शोषखड्डा नकोच. बंदिस्त टाकी आणि मैला उपसायला गाडी, हाच खर्च धरायचा, आणि विहिरींच्या खालच्या अंगाची जागा बघायची. कौलारूदादा, मालकांनी पैसे द्यावेत हे शंभर टक्के मान्य. पण ते देईपर्यंत डास नमुना 8 बघून चावणार नाही. गेल्या पावसाळ्यात तापाने फणफणलेली पोरं घरपट्टी भरणाऱ्यांचीच होती.

कौलारू:
त्यात माझी पुतणीही होती. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मालकांकडून लेखी घ्या, मग मी विरोध करणार नाही. नळ मात्र मीटर लावूनच. आणि बॅरल उपडे करायला ठराव लागत नाही, रविवारी मी येतो.

जुनीबाव:
मी पण. टाकीची जागा त्याच दिवशी बघूया.