मदत हवी आहे : पायथॉनच्या ईएक्सईला अँटिव्हायरस ‘ट्रोजन’ ठरवतोय

अर्धविराम

पायथॉन ३.११ मध्ये लिहिलेला छोटा प्रोग्रॅम आहे. फोल्डरमधल्या सीएसव्ही फाइली वाचून एकच एक्सेल फाइल तयार करतो, इंटरनेटला हात लावत नाही. वापरणाऱ्यांकडे पायथॉन नसल्यामुळे पायइन्स्टॉलर या साधनाचा ‘वनफाइल’ पर्याय वापरून एकच ईएक्सई (थेट चालणारी फाइल) केली आहे. यूपीएक्स (ईएक्सई दाबून लहान करणारं साधन) पाथमध्ये असल्याने तेही लागू झालं. डिजिटल सही नाही.

आधीची आवृत्ती बिनतक्रार चालत होती. नवी मात्र डाउनलोड होताच क्वारंटाइनमध्ये जाते. व्हायरसटोटलवर (अनेक अँटिव्हायरसनी एकदम फाइल तपासणारं संकेतस्थळ) ११ इंजिनं लाल दाखवतात आणि बहुतेकांच्या नावात ‘जेनेरिक’ आहे. नुसती पायथॉनची स्क्रिप्ट टाकली तर एकही लाल नाही.

इशारा खोटा आहे हे खात्रीने कसं ठरवायचं? बांधणीत काय बदलू? वापरणाऱ्यांना ‘अँटिव्हायरस बंद करा’ असं मला सांगायचं नाही.

शून्यएक

आधी कारण बघू, म्हणजे उपाय आपोआप कळतील.

वनफाइल ईएक्सईच्या तोंडाशी बूटलोडर नावाचा सी भाषेतला छोटा प्रोग्रॅम असतो आणि त्याच्या शेपटीला तुमचा सगळा कोड दाबून बांधलेला असतो. ईएक्सई चालवली की बूटलोडर टेंपमध्ये (तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये) ‘_एमईआय’ने सुरू होणारं फोल्डर तयार करतो, त्यात डीएलएल (लायब्ररी फाइली) सोडतो आणि स्वतःचीच दुसरी प्रोसेस सुरू करतो. घातक ड्रॉपरही (पोटातलं मालवेअर गुपचूप संगणकावर सोडणारा प्रोग्रॅम) नेमकं असंच वागतो. त्यात पिपमधून (पायथॉनची पॅकेजं आणणारं साधन) येणारा तयार बूटलोडर सगळ्यांचा एकच. मालवेअर लिहिणारेही तोच वापरतात, त्यामुळे त्यांना पकडण्यासाठी केलेली खूण तुमच्या फाइललाही जुळते. यूपीएक्सने वरून आणखी एक आवरण चढतं आणि आत काय आहे हे इंजिनला न चालवता दिसणं अवघड होतं. स्क्रिप्ट स्वच्छ दिसते कारण तिच्यात यातलं काहीच नाही.

पुढचे बदल एका वेळी एकच करा आणि दर वेळी तपासा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

पहिला बदल : ‘--नोयूपीएक्स’ आणि ‘--क्लीन’ देऊन पुन्हा बांधा. पाच-दहा एमबी वाढतील, वाढू द्या.
दुसरा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा : ‘वनफाइल’ सोडून ‘वनडिर’ (सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये सुट्या) घ्या. टेंपमध्ये उलगडणं पूर्ण थांबतं आणि प्रोग्रॅम सुरूही लवकर होतो. एकच फाइल हातात द्यायची असेल तर ते फोल्डर इनो सेटअप या इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनाने बांधा.
तिसरा : आवृत्ती क्रमांक, प्रोग्रॅमचं आणि निर्मात्याचं नाव ‘--व्हर्जन-फाइल’ने भरा.
तरीही लाल आलं तर बूटलोडर स्वतः कंपाइल करा. पायइन्स्टॉलरचा सोर्स उतरवा, ‘बूटलोडर’ फोल्डरमध्ये जाऊन पायथॉनने ‘वाफ ऑल’ चालवा आणि त्याच सोर्समधून पिपने इन्स्टॉल करा. व्हिज्युअल स्टुडिओची बिल्ड टूल्स लागतील.

कळफलक

शून्यएक यांच्याशी सहमत, पण एक पायरी राहिली. ‘कोड माझाच आहे, म्हणजे इशारा खोटाच’ असं गृहीत धरू नका. २००९ मध्ये इंडक नावाचा व्हायरस डेल्फी ४ ते ७ च्या ‘सिसकॉन्स्ट’ या लायब्ररी फाइलमध्ये शिरत असे. मग त्या संगणकावर कंपाइल होणारा प्रत्येक प्रोग्रॅम जन्मतःच बाधित निघायचा, आणि लिहिणाऱ्याचा सोर्स मात्र अगदी स्वच्छ.

म्हणून ‘नमस्कार’ छापणारा एका ओळीचा प्रोग्रॅम घ्या आणि अगदी त्याच पर्यायांनी बांधा. तोही लाल आला तर दोष बांधणीत आहे, तुमच्या तर्कात नाही. मग तोच नव्याने इन्स्टॉल केलेल्या व्हर्च्युअल मशीनवर (संगणकातल्या आभासी संगणकावर) बांधा. तिथेही लालच आला तर तुमच्या संगणकावरचा संशय बराच कमी होतो. याउलट, एका ओळीचा स्वच्छ आणि तुमचा लाल असेल तर पिपने आणलेल्या पॅकेजांची नावं एकेक अक्षर वाचून तपासा. प्रसिद्ध पॅकेजच्या नावात एखादं अक्षर बदलून घातक पॅकेज टाकण्याचे प्रकार वारंवार झाले आहेत.

११ या आकड्यालाही फसू नका. बिटडिफेंडरचं इंजिन इतर कंपन्याही वापरतात, त्यामुळे अकरा लाल खुणा म्हणजे अकरा स्वतंत्र मतं नव्हेत. नावं वाचा. ‘जेनेरिक’, ‘ह्युर’ (ह्युरिस्टिक), ‘एमएल’ (मशीन लर्निंग) म्हणजे अंदाज. वेगवेगळी इंजिनं मालवेअरच्या एकाच विशिष्ट कुळाचं नाव घेत असतील तर थांबा.

आणि व्हायरसटोटलवर टाकलेली फाइल सुरक्षा कंपन्यांपर्यंत जाते. ईएक्सईत पासवर्ड किंवा खासगी माहिती असेल तर ती टाकू नका, विंडोजच्या ‘सर्टयुटिल -हॅशफाइल’ला शेवटी ‘SHA256’ देऊन फाइलचा एसएचए-२५६ हॅश (आशयावरून निघणारा ठसा) काढा आणि तिथे फक्त तो शोधा.

अर्धविराम

दोघांचेही आभार. एका ओळीचा प्रोग्रॅम : ९ लाल, नव्या व्हर्च्युअल मशीनवरही ९. माझा प्रोग्रॅम यूपीएक्स काढल्यावर ५, वनडिर केल्यावर २. पॅकेजांची नावं तपासली, ठीक आहेत. उरलेल्या दोघांचं काय करू?

दुवा_तपासा

त्या दोन कंपन्यांना कळवा. बहुतेकांच्या संकेतस्थळावर चुकीच्या इशाऱ्यासाठी वेगळा फॉर्म असतो. एसएचए-२५६, इशाऱ्याचं पूर्ण नाव, व्याख्यांची (अँटिव्हायरसच्या ओळखयादीची) आवृत्ती आणि प्रोग्रॅम काय करतो हे दोन ओळींत द्या. फाइल मेलने मागितली तर पासवर्ड घातलेल्या झिपमध्ये पाठवा, नाहीतर वाटेतच अडवली जाईल. मायक्रोसॉफ्टच्या फॉर्मवर ‘सॉफ्टवेअर डेव्हलपर’ निवडा आणि फाइल चुकीने पकडली गेल्याचा पर्याय घ्या.

मात्र ही सूट बहुधा त्या एका हॅशपुरती असते. पुढच्या बांधणीत हॅश बदलतो आणि पुन्हा तेच. नियमित आवृत्त्या काढणार असाल तर कोड सायनिंग सर्टिफिकेट (डिजिटल सहीसाठीचं प्रमाणपत्र) घ्या, म्हणजे ओळख फाइलवर न राहता तुमच्या नावावर साठत जाते. जून २०२३ पासून त्याची खासगी किल्ली हार्डवेअर टोकनमध्ये किंवा तशाच सुरक्षित यंत्रणेत ठेवणं बंधनकारक आहे. सही करताना टाइमस्टँप विसरू नका. त्याशिवाय सर्टिफिकेटची मुदत संपली की जुन्या फाइलींच्या सह्याही अवैध ठरतात.

सही केल्यावरही विंडोजच्या स्मार्टस्क्रीनची निळी खिडकी काही काळ दिसेल. तो व्हायरसचा इशारा नाही, ‘ही फाइल अजून ओळखीची नाही’ एवढाच तिचा अर्थ.

कळफलक

सही म्हणजे निर्धोकपणाचा दाखला मात्र नव्हे. २०१७ मध्ये संगणक साफ करणारा सीक्लीनर ५.३३ वैध सहीसकट बाधित निघाला होता. बांधणीचा संगणक रोजच्या ब्राउझिंगपासून वेगळा ठेवा.

शून्यएक

कंपनीचं उत्तर येईपर्यंत अपवाद घालायचाच असेल तर तो नेमका घाला. विंडोजच्या डिफेंडर अँटिव्हायरसमध्ये विंडोज सिक्युरिटी, मग व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि खाली एक्स्क्लूजन्स. प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये इन्स्टॉल करा आणि तिथल्या त्या एका ईएक्सईचाच पूर्ण पाथ द्या. तिथे लिहायला प्रशासकाचे अधिकार लागतात, त्यामुळे दुसरं कोणी गुपचूप फाइल बदलू शकत नाही. टेंप किंवा डाउनलोड्स हे फोल्डर कधीही अपवादात टाकू नका. वनफाइलमध्ये ‘_एमईआय’ फोल्डरचं नाव दर वेळी बदलतं आणि लोक वैतागून अख्खं टेंप मोकळं करतात. वनडिरचा आग्रह मी धरला तो यासाठीही.

दोन्ही कंपन्यांनी दुरुस्ती केली की व्याख्या अपडेट करा, फाइल पुन्हा स्कॅन करा आणि तो अपवाद काढून टाका.