मदत हवी आहे: मांडीवर दीड तास झोपणारं बाळ गादीवर २५ मिनिटांत उठतं

बाळ ७ आठवड्यांचं, फक्त अंगावरचं दूध. वजन नीट वाढतंय, दिवसाला ६-७ लंगोट ओले होतात, डॉक्टरांनी तपासलंय. तेव्हा पोट भरत नसेल ही शंका नको. रात्र बरी जाते, अडचण दिवसाची: दिवसा मांडीवर नाहीतर झोळीतच झोपतं.

तासाभराच्या वर जागं ठेवत नाही, पहिल्या जांभईलाच पडदे ओढतो. ढेकर काढून १५ मिनिटं उभं धरतो. मलमलच्या दुपट्यात हात गुंडाळलेले, पाय मोकळे. ठेवताना आधी ढुंगण, मग डोकं, छातीवर तळहात तसाच. तरी मान टेकली की दचकतं आणि एक हात दुपट्याबाहेर! नाशिकच्या गारठ्यात गादी थंड लागते, म्हणून आधी गरम पाण्याची पिशवी फिरवून काढून घेतो. थोडा फरक पडला.

पालथं झोपवणं, राईची उशी, ग्राइप वॉटर सुचवू नका (घरात आजी रोज सुचवतातच). बाळ उताणंच, सपाट घट्ट गादीवर.

झोळी एकदम बंद करावी, की आधी फक्त सकाळची पहिली झोप गादीवर आणावी? आणि २५ मिनिटांनी चुळबुळ सुरू झाली, रडणं नाही, तर लगेच उचलायचं की थांबायचं, किती वेळ?