मदत हवी आहे: गच्चीवर सिनेमा बघायला छोटा प्रोजेक्टर

मंडळी, सांगलीत विश्रामबागला राहतो. पोरांना गच्चीवर सिनेमा दाखवायला प्रोजेक्टर घ्यायचाय, बजेट २० हजार. मागे एक स्वस्तातला घेऊन फसलो. खोक्यावर '९००० ल्युमेन' (उजेडाचं माप), पण शेजारची ट्यूब लागली की हिरो गायब! बघायचे ते एएनएसआय ल्युमेन (ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड), आणि '१०८०पी सपोर्ट' म्हणजे नेटिव्ह १०८०पी नव्हे (फुल एचडी व्हिडिओ चालतो, पण चित्र तेवढं बारीक पडेलच असं नाही), हे पैसे गेल्यावर कळलं.

भिंतीपासून ९ फूट जागा मिळते. थ्रो रेशो (भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.२ असेल तर चित्र साडेसात फूट रुंद पडेल ना? तेवढ्याला किती एएनएसआय पुरतील? कीस्टोनने वाकडं चित्र सरळ केलं की कडेची अक्षरं पुसट होतात, तुमच्याकडेही होतं का? आणि बॅटरीवर अख्खा सिनेमा निघतो का? आमच्याकडे लाइट नेमकी क्लायमॅक्सला जाते. वापरणाऱ्यांनीच सांगा.