‘मानवी चूक’ असं लिहिलं की जहाजाच्या अपघाताची चौकशी संपते का?

खानापूरकर (धागाकर्ता):
माझा मामेभाऊ मालवाहू जहाजावर थर्ड मेट, म्हणजे कनिष्ठ अधिकारी आहे. गेल्या महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा एक किस्सा सांगून गेला. एका बंदरात त्यांचं जहाज धक्क्याला घासलं. कुणाला लागलं नाही, पत्रा चेपला एवढंच. अहवालात कारण एका ओळीचं: ‘ड्युटीवरील अधिकाऱ्याची चूक’. उपायही तसाच: ‘सर्वांनी सतर्क राहावे’. तो अधिकारी त्याआधीच्या दोन दिवसांत किती तास झोपला होता, हे कुणी विचारलंच नाही.

चोर्ला घाटात ट्रक उलटला की पेपरात छापून येतं, ‘चालकाचा ताबा सुटल्याने’. का सुटला? ते कुणी छापत नाही. तसंच हे.

१९८७ ची एक गोष्ट सांगतो. ६ मार्चला बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही मोटारी नेणारी फेरी निघाली, ती पुढचं दार उघडं ठेवूनच. पाणी आत शिरलं, काही मिनिटांत जहाज कलंडलं आणि १९३ माणसं गेली. दार लावायचं काम ज्याच्याकडं होतं तो खलाशी केबिनमध्ये झोपलेला होता. झाली की मानवी चूक! पण चौकशी तिथं थांबली नाही. दार लागलं हे ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथं, कळवायची पद्धतच नव्हती. कुणी काही बोललं नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून कॅप्टन जहाज हाकायचा. दाराची स्थिती दाखवणारा दिवा ब्रिजवर बसवा, असं त्या कंपनीच्याच कॅप्टनांनी आधी लिहून मागितलं होतं. ऑफिसातल्या साहेबांनी ते थट्टेवारी नेलं.

तेव्हा माझं मत असं, की ‘मानवी चूक’ हे चौकशीचं पहिलं पान आहे. आपण ते शेवटचं समजून फाइल बांधतो.

टिळकवाडीचा वकील:
खानापूरकर, ऐकायला छान वाटतं. पण ‘दोष व्यवस्थेचा’ म्हटलं की तो कुणाचाच राहत नाही, हे कोर्टात रोज बघतो मी. १३ जानेवारी २०१२ ला ‘कोस्टा कोन्कोर्डिया’ इटलीच्या जिलिओ बेटाजवळ खडकावर आदळली, ३२ मेले. कॅप्टननं बेटाला सलामी द्यायची म्हणून जहाज किनाऱ्याला खेटून नेलं होतं. वर प्रवासी अजून जहाजावर असताना स्वतः उतरून गेला. यात झोपेचा हिशेब कुठं आला? १६ वर्षांची शिक्षा झाली, योग्यच झाली.

आणि इतक्या लांब कशाला जाता? २०१९ च्या जानेवारीत कारवारला कूर्मगडच्या नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी बोट उलटून १६ जण गेले. बोटीत झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं होती. बोट सोडणाऱ्याला ती मोजता येत नव्हती का?

शाहापूरचा बापू:
समुद्र घाट उतरल्यावर, चर्चा मात्र खानापुरात. चालू द्या, मी चहा ठेवतो.

खानापूरकर:
वकीलसाहेब, कोन्कोर्डियाचंच पुढचं ऐका. शेवटच्या क्षणी कॅप्टन सुकाणूवरच्या खलाशाला इंग्रजीत हुकूम देत होता. कॅप्टन इटालियन, खलाशी इंडोनेशियाचा. त्याला हुकूम नीट कळले नाहीत, एकदा तर सुकाणू उलट्या बाजूला गेलं. भाषेचं दुखणं काय असतं ते आपल्या बेळगाव भागात वेगळं सांगायला नको. तहसीलदार कचेरीत कानडी अर्ज हातात घेऊन उभा असलेला म्हातारा आठवा. अशा माणसांच्या हाती सुकाणू देताना त्यांना एकमेकांची भाषा कळते का, हे बघायचं काम कॅप्टनचं की कंपनीचं?

टिळकवाडीचा वकील:
खलाशाच्या त्या चुकीमुळं काही फरक पडला नसता, जहाज आदळलंच असतं, असं तज्ज्ञानं त्याच खटल्यात सांगितलं होतं. अर्धी गोष्ट सांगू नका.

उद्यमबाग फिटर:
मी नऊ वर्षं जहाजावर फिटर होतो, आता इथंच फौंड्रीत आहे. दोघांनाही एक गोष्ट दाखवतो.

२६ मार्च २०२४ ला बाल्टिमोरचा पूल ‘डाली’ नावाच्या जहाजानं पाडला. पुलावर काम करणारे सहा कामगार गेले. जहाजावर बहुतेक आपलीच, भारतीय पोरं. दुसऱ्या दिवसापासून मोबाइलवर त्यांच्या नावानं काय काय फिरलं ते आठवत असेल. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाला पुढं काय सापडलं? एक सैल वायर. पॅनेलमधल्या वायरवर नंबराची पट्टी चढवतात, आपण फेरूल म्हणतो. ती पट्टी टोकाशी अशी बसली होती, की वायर टर्मिनलमध्ये पूर्ण आत गेलीच नाही. कधीतरी ती सुटली आणि तीनशे मीटरच्या जहाजाची वीज गेली, इंजिन गेलं, सुकाणू गेलं. वीज परत आली आणि पुन्हा गेली. कारण जनरेटरला इंधन पुरवायला फ्लशिंगचा, म्हणजे नळ्या धुवायचा पंप लावला होता, आणि वीज आल्यावर तो आपोआप चालू होत नाही.

मी स्वतः शेकडो फेरूल चढवलेत. वरून वायर घट्टच दिसते. हलकं ओढून बघितलं तरच कळतं. वायर बसवणाऱ्याचा हात चुकला म्हणा, पण फ्लशिंगचा पंप त्या कामाला लावायचं ठरवणं ही हाताची चूक नव्हे. तिथं कुणीतरी विचार करून ‘चालतंय’ म्हणालं असणार.

आता झोपेचं. नियम साधा आहे: २४ तासांत किमान १० तास विश्रांती, आठवड्यात ७७. त्याची वही असते. माल चढवणं-उतरवणं चालू, तेल भरणं चालू, वर सर्व्हेअर यायचा, अशा बंदरात १० तास कुठून येणार? पण वहीत यायचे. मी सही केलीय त्या वहीवर, कित्येकदा. व्हीडीआरमध्ये, म्हणजे जहाजाच्या ब्लॅक बॉक्समध्ये, ब्रिजवरचं बोलणं येतं, झोप कुठं येते त्याच्यात?

निपाणीची माई:
माझे यजमान जहाजावर आहेत म्हणून लिहिते. डिसेंबर २००७ मध्ये कोरियात ‘हेबेई स्पिरिट’ नावाचा टँकर नांगर टाकून उभा होता. नीट वाचा, उभा होता. दोरखंड तुटलेला एक क्रेनचा तराफा वाहत येऊन त्याच्यावर आदळला आणि तेल समुद्रात गेलं. टँकरचे कॅप्टन आणि चीफ ऑफिसर दोघेही भारतीय. त्यांना तिथंच अडकवून ठेवलं, जून २००९ मध्ये घरी येता आलं. दीड वर्ष! तेव्हापासून आमचे हे म्हणतात, काही झालं तर आधी वकील, मग जबाब. असं शिकलेला माणूस चौकशीवाल्यांना खरं काय सांगणार, वकीलसाहेब?

टिळकवाडीचा वकील:
माई, म्हणून तर दोन चौकश्या वेगळ्या ठेवल्यात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची अपघात-चौकशीची संहिता १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. दोष ठरवणं हा त्या चौकशीचा उद्देशच नाही, असं तीत लिहिलंय. सुरक्षेची चौकशी निराळी, शिक्षेची निराळी. तत्त्व मलाही मान्य आहे. पण तुम्ही सगळे मिळून दुसरी चौकशी नकोच म्हणायच्या बेतात आहात, आणि मेलेल्यांच्या घरच्यांना अहवालातल्या शिफारशी वाचून दाखवणार आहात.

फिटरभाऊ, राग मानू नका, पण त्या वहीवर खोटी सही तुमचीच होती ना? तुम्ही आणि तुमच्यासारख्या शंभर जणांनी ती नाकारली असती तर ऑफिसातल्या साहेबाला कळलं असतं, की एवढ्या माणसांत हे काम होत नाही. वही रोज ‘सगळं ठीक’ सांगत होती. तुमच्या हेराल्डच्या ब्रिजवर वेगळं काय चाललं होतं?

खानापूरकर:
हे मात्र वर्मी लागलं. माझ्याकडं उत्तर नाही. फिटरभाऊ?

उद्यमबाग फिटर:
राग कशाचा, खरंच बोललात.

एका पोरानं नाकारली होती. वायपर, म्हणजे इंजिनरूममधला सगळ्यात खालचा कामगार होता, पहिलंच जहाज. वहीत स्वतःच्या हातानं सहा तास लिहिले, जेवढा झोपला तेवढेच. सेकंड इंजिनिअरनं बोलावून घेतलं. ओरडला नाही. चहा दिला आणि म्हणाला, “बाळा, हे असं पाठवलं तर बंदरात तपासणीवाले जहाज अडवतील, मग सगळ्यांचाच पगार लांबेल.” पोरानं पान फाडलं, नवीन लिहिलं. मी शेजारीच बसलो होतो. पेन माझंच होतं.

शाहापूरचा बापू:
चहा गार झाला माझा. फिटरभाऊ, तो पोरगा अजून जहाजावर आहे काय?

उद्यमबाग फिटर:
आहे. आता तोच सेकंड आहे.