जुन्या वाईनचं वर्णन नेमकं कसं करायचं? आणि ही बाटली मुरलेली होती की बिघडलेली?

ओंजळ

नमस्कार मंडळी, वाईन मी पाच-सहा वर्षं पितेय पण सगळ्या ताज्या, फार तर दोन-तीन वर्षांच्या. गेल्या आठवड्यात एका मित्राने जपून ठेवलेल्या तीन बाटल्या आम्हा चौघांसाठी उघडल्या, एक २००१ ची स्पेनमधली रेड, रिओहा ग्रान रेझेर्वा, एक २००५ ची जर्मनीतल्या मोझेलची व्हाइट, रीसलिंग आणि एक १९९८ ची फ्रान्समधल्या बोर्दोची रेड. मी वही-पेन घेऊन बसले होते कारण अशी संधी परत कधी येणार, पण लिहायची वेळ आली तर शब्दच सापडेनात.

ताज्या वाईनला सोपं असतं हो, चेरी, लिंबू, मिरी असं काहीतरी चटकन आठवतं. रिओहाचा घोट घेतला तर एकही गोष्ट वेगळी ओळखू येईना, छान लागत होती, खूपच छान, पण मी लिहिलं काय तर "मऊ, मनुका, लाकूड". रीसलिंगला मला चक्क रॉकेलचा वास आला. तसं लिहिलं आणि मग खोडलं, कोणी एवढी वर्षं सांभाळलेल्या वाईनला रॉकेल कसं म्हणायचं.

खरा घोळ बोर्दोला झाला. बाकीचे तिघं म्हणाले लेदर, जंगलातली जमीन, जुन्या वाईनला असाच वास असतो. मला मात्र ओल लागलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा वास येत होता आणि तोंडात तर काहीच नाही, पाण्यात शाई घातल्यासारखं सपाट. जुन्या वाईनचा अनुभव नाही म्हणून मी गप्प बसले. तर माझे प्रश्न असे, वाईनमधलं फळ वर्षांनी जातं कुठे, अशा वाईनचं वर्णन करताना तुम्ही काय बघता, आणि ती तिसरी बाटली खरंच तशी असायला हवी होती का? तिच्यात थोडी उरलीये, मित्राने बूच लावून फ्रिजमध्ये ठेवलीये.

पश्चिमवारा

ओंजळ, सगळ्यात आधी ते खोडलेलं रॉकेल परत लिहा! तुम्ही अगदी बरोबर पकडलंय. मुरलेल्या रीसलिंगची ती ओळखच आहे. टीडीएन नावाचं एक संयुग आहे, द्राक्षातल्या कॅरोटिनॉइड्सपासून, म्हणजे पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांपासून, बाटलीत हळूहळू तयार होतं, द्राक्षांवर ऊन जास्त पडलं असेल तर जास्त. काहींना आवडतं काहींना नाही, पण तो वास तिथे आहे आणि तुमच्या नाकाने खरं सांगितलं. त्याच्या मागे मध, सुकवलेलं जर्दाळू, लिंबाची साल असं काही होतं का ते आठवून बघा.

फळ जातं कुठे, तर नाहीसं होत नाही, रूप बदलतं. ताज्या चेरीची आधी शिजवलेली चेरी होते, मग वाळलेली, मग अंजीर-मनुकांकडे जाते, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने तंबाखूची पानं, चामडं, अळंबी, वाळलेला पाचोळा असं काही वर यायला लागतं. मी एक गोष्ट आवर्जून वेगळी करतो, कुठला वास पिंपातून आलाय आणि कुठला काळाने आणलाय. रिओहाच्या ग्रान रेझेर्वाला नियमानेच किमान पाच वर्षं मुरवावं लागतं आणि त्यातली किमान दोन ओकच्या पिंपात, तिकडे जुन्या पद्धतीत अमेरिकन ओक वापरतात, त्यामुळे व्हॅनिला, खोबरं, तुम्ही लिहिलेलं लाकूड, हे सगळं पिंपाचं. ते वाईन तरुण असतानाही असतं. वयाचं म्हणजे त्या लाकडाच्या कडा गेलेल्या असणं. पण इथे फसगतही होते, ऑस्ट्रेलियातल्या हंटर व्हॅलीची सेमियों ही व्हाइट बहुतेक वेळा ओक न लावता करतात, तरुणपणी अगदी पातळ, लिंबासारखी आंबट, आणि दहा-पंधरा वर्षांनी तिला भाजलेल्या टोस्टचा आणि मधाचा असा वास येतो की माणूस पैजेवर सांगेल पिंपातली आहे म्हणून.

वही काढलीत की आधी रंग लिहा. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि कडेला बघा. रेड वाईन जांभळ्याकडून माणकाकडे, तिथून विटेकडे जाते, कारण रंगद्रव्यं आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारी द्रव्यं, एकमेकांना चिकटून मोठी होतात आणि शेवटी गाळ होऊन तळाशी बसतात. व्हाइट उलटी, ती वर्षांनी गडद होत जाते, सोनेरी आणि मग अंबर. अपवाद लक्षात ठेवायचा तो नेब्बिओलो या इटालियन द्राक्षाची वाईन, म्हणजे बारोलो वगैरे, ती तरुण असतानाच फिकट आणि कडेला नारिंगी दिसते, नुसत्या रंगावरून वय सांगायला गेलात तर चुकणार.

मग तोंडात. टॅनिनचा तुरटपणा कुठे जाणवतो आणि कसा, हिरड्या आवळतो की जिभेवर नुसता मखमलीसारखा बसतो. आंबटपणा मात्र वर्षांनी फारसा घटत नाही हे पक्कं डोक्यात ठेवा, फळ ओसरतं म्हणून तोच उघडा पडतो आणि म्हाताऱ्या झालेल्या वाईन कधीकधी टोकदार लागतात ते याचमुळे. शेवटी घोट गिळल्यावर चव किती वेळ राहते ते मोजा, खरंच सेकंद मोजा, फ्रेंच लोकांनी त्याला कोडाली असं एकक दिलंय, एक कोडाली म्हणजे एक सेकंद. मला विचाराल तर चांगल्या मुरलेल्या वाईनची खरी परीक्षा याच ठिकाणी होते.

निवांत

मी फक्त तिसऱ्या बाटलीबद्दल लिहितो कारण ते वाचून जीव कळवळला. ओला पुठ्ठा + तोंडात काहीच नाही = माझ्या मते टीसीए, म्हणजे बुचाचा दोष. पूर्ण नाव ट्रायक्लोरोअॅनिसोल, लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी वाईन मारायला पुरतं. बूच तुटलेलं किंवा भुसभुशीत निघालं म्हणजे दोष असं नाही, जुनी बुचं तुटतातच, आणि टीसीए असलेलं बूच दिसायला एकदम धडधाकट असू शकतं.

लोक गोंधळतात कारण दोन्ही वास "ओलसर" आहेत. फरक असा करायचा: जंगलातल्या जमिनीचा जो वास म्हणतात तो एकटा येत नाही, त्याच्या खाली वाळलेलं फळ, थोडा गोडवा, काहीतरी जिवंत असतं आणि ग्लासमध्ये ते बदलत राहतं. टीसीएमध्ये फळच दाबलं जातं. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी न्यूट या प्राण्याच्या वास घेणाऱ्या पेशींवर दाखवलं होतं की टीसीए त्या पेशींचं कामच दडपून टाकतं. म्हणजे तुम्हाला जे सपाट लागलं त्याला कारण आहे. कमी प्रमाणात असेल तर पुठ्ठ्याचा वासही येत नाही, वाईन नुसती मुकी वाटते, आणि लोक समजतात की जुनी झाली, संपली. किती चांगल्या वाईनचं नाव असं विनाकारण खराब होत असेल.

दुसरी तपासणी वेळेची. जुनी बाटली उघडल्या उघडल्या बंद खोलीसारखा वास येणं अगदी नॉर्मल आहे, तो दहा-वीस मिनिटांत उडून जातो. टीसीए उडत नाही, बऱ्याचदा हवा लागल्यावर जास्तच स्पष्ट होतो. घाई करून वाईन ओतून देऊ नका आणि घाई करून कौतुकही करू नका, ग्लास बाजूला ठेवा आणि परत या.

बाकीचे दोषही ओळखून ठेवा. कापून काळं पडलेल्या सफरचंदासारखा वास म्हणजे हवा लागून उतरलेली, नेलपॉलिश म्हणजे इथाइल अॅसिटेट, आणि घोड्याचा तबेला किंवा बँडेजची पट्टी म्हणजे ब्रेटॅनोमायसिस नावाचं यीस्ट. या शेवटच्याला लोक सर्रास "लेदर" म्हणून वयाच्या खात्यात टाकतात आणि ते मला मुळीच पटत नाही, चार वर्षांच्या वाईनमध्येही असतं की. तेव्हा चामडं लिहिलंत तर पुढे हेही लिहा की नवीन बुटाचं, जुन्या पिशवीचं की घोड्याच्या खोगिराचं.

मृद्गंधा

अगं ओंजळ, तू गप्प बसलीस तेवढीच चूक केलीस, बाकी सगळं बरोबर केलंस :) टेबलावर एकाने "लेदर" म्हटलं की पुढच्या सगळ्यांना लेदर यायला लागतं. २००१ मध्ये बोर्दोतल्या संशोधकांनी वाईनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन लाल रंग घालून दिली होती, रंगाला काही वास नव्हता, तरी त्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. हे शिकलेल्या नाकांचं होतं तर आपलंही होणार. म्हणून आमच्याकडे एक नियमच केलाय, पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, आपापलं लिहायचं आणि मग वाचून दाखवायचं.

आता मला मनापासून सांगायचंय ते शब्दांबद्दल. वासांचं जे चक्र सगळीकडे दिसतं ते कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठात अॅन नोबल यांनी १९८४ मध्ये मांडलं, उपयोगी आहे, मीही त्यावरच शिकले, पण त्यातले शब्द पाठ करून वाईनमध्ये शोधत बसलं की स्वतःचं नाक बंद होतं. आपल्याकडे वासाला केवढे शब्द आहेत बघ ना. कुबट, ओलसर, मातकट, खवट, धुरकट, जळकट, हिरवट, आंबूस, खमंग, उग्र, शिळा. निवांतने वर एवढा मोठा फरक समजावला तो मराठीत दोन शब्दांत होतो, मातकट आणि कुबट. मातकट असेल तर थांबून बघ, कुबट असेल तर शंका घे. खवट हा तर माझा आवडता शब्द आहे, अक्रोडाचा वास खमंग असेल तर वाईन छान मुरलीये आणि तोच वास खवटाकडे झुकला तर तिची वेळ होऊन गेली.

आणि "जुनी" हा शब्द वहीतून काढूनच टाक. मुरलेली आणि उतरलेली असे दोन शब्द वापर. तू म्हणतेस रिओहामध्ये एकही गोष्ट वेगळी ओळखू येईना, ते तुला जमलं नाही असं तू समजतेयस, पण मुरणं म्हणजे तेच की गं. फळ, लाकूड, तुरटपणा, आंबटपणा हे चार जण वेगवेगळे उभे असतात ते वर्षांनी एकमेकांत मिसळतात. वहीत सरळ लिहायचं "सांधे दिसत नाहीत". त्यापुढे "अंजीर" आणि "सिगारचा डबा" नाही सुचलं तरी चालेल.

माझ्या नाकाला एक वास मात्र कधीच चुकत नाही, मेथीदाण्याचा. सोटोलोन नावाचं संयुग, मेथीच्या वासाचं मुख्य कारण तेच, आणि मुरलेल्या सोतेर्न, तोकाय या गोड वाईनमध्ये आणि सगळ्यात जास्त फ्रान्सच्या जुरा भागातल्या व्हँ जोन या वाईनमध्ये ते सापडतं. व्हँ जोन पिंपात यीस्टच्या सायीखाली ठेवतात, कापणीनंतर सहा वर्षं उलटून गेल्यावरच बाहेर काढतात. पहिल्यांदा वास घेतला तेव्हा मी पटकन "मेथी!" म्हणाले, पुस्तकी शब्द मला तेव्हा माहीतही नव्हता. आपल्याला जो वास घरचा आहे तो लिहायला लाजायचं नाही.

ओंजळ

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, वहीत उतरवून घेतलंय. "सांधे दिसत नाहीत" वाचून तो घोट परत आठवला अगदी. अजून एक विचारते, मित्राने रिओहा उघडून लगेच ओतली आणि शेवटचे दोन ग्लास गाळाने गढूळ आले, कडवटही लागले. डिकँटरमध्ये, म्हणजे दुसऱ्या काचेच्या भांड्यात, आधी काढून ठेवायला हवी होती का, किती वेळ?

पश्चिमवारा

जुनी वाईन डिकँट करायची ती गाळासाठी, हवेसाठी नाही. बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवायची म्हणजे गाळ तळाला बसतो, मग मानेमागे टॉर्च धरून एका दमात हळूहळू ओतायचं, गाळाची रेघ मानेपाशी आली की थांबायचं. मध्ये बाटली सरळ केलीत तर सगळा गाळ परत मिसळतो. तरुण बारोलोला दोन-तीन तास हवा दिली तरी चालते, पण वीस-पंचवीस वर्षांच्या नाजूक वाईनला तेवढा वेळ दिलात तर प्यायच्या आधीच दरवळ निघून जाईल. मी ओततो आणि लगेच प्यायला घेतो, उलगडायचं ते ग्लासातच उलगडू देतो. वहीत वेळही टाका, उघडताच, पंधरा मिनिटांनी, तासाने. जुन्या वाईनला एक वर्णन पुरतच नाही, तीन लागतात.

बुचासाठी स्क्रूऐवजी दोन पात्यांचा ओपनर घ्या, कडेने सरकवून फिरवत वर काढायचा, भुसभुशीत बूच शाबूत निघतं.

निवांत

+१, आणि ग्लास अर्ध्याहून कमीच भरा, वासाला जागा हवी. फार थंड पण नको, १६-१८ अंशांच्या आसपास. ओंजळ, ती उरलेली बोर्दो फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवा आणि परत एकदा वास घ्या, शेजारी कुठलीही साधी, ताजी रेड ठेवा तुलनेला. एवढ्या दिवसांनी ती उतरलेली असणारच, चवीचं काही सांगता येणार नाही, पण टीसीए असेल तर तो कुठे जात नाही.

ओंजळ

काल संध्याकाळी केलं. मित्रही होता, त्याला आधी काही सांगितलं नाही, दोघांनी आपापलं लिहिलं आणि मग कागद बदलले. त्याच्या कागदावर ताज्या रेडसाठी सहा ओळी होत्या आणि बोर्दोसाठी एकच, "कुबट". माझ्या कागदावरही तोच शब्द होता. त्याला वाईट वाटलं कारण बावीस वर्षं सांभाळलेली बाटली होती ती, बराच वेळ ग्लास हातात धरून बसला होता. मग म्हणाला तशीच अजून एक आहे, त्याच वर्षाची, ती उघडताना पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही.