मुदत संपलेली, कमी प्रचलित एक्स्टेन्शनची डोमेन नावे: मिळवावीत कशी आणि किंमत किती धरावी?

प्रश्न : कर्दे_किनारा

नमस्कार. मी दापोली तालुक्यात राहतो आणि मुरूड, कर्दे, लाडघर, आंजर्ले या पट्ट्यात घरगुती निवास-न्याहारीची सोय करणाऱ्या मंडळींना संकेतस्थळे तयार करून देतो. या सर्वांचे मिळून एक सामाईक संकेतस्थळ करावे, असे आता ठरत आहे. आम्हाला हवे असलेले नाव, म्हणजे परिसराचे नाव आणि त्यापुढे 'स्टे', डॉट कॉममध्ये फार पूर्वीच गेलेले आहे. तेच नाव डॉट इनमध्ये एका विक्रेत्याकडे असून तो पंचेचाळीस हजार रुपये मागतो. ते पूर्वी दुसऱ्या कोणाचे होते, मुदत संपल्यावर या विक्रेत्याने उचलले, असे तो स्वतःच सांगतो. डॉट हॉलिडेमधील तेच नाव नुकतेच बंद पडलेले दिसते, कारण त्यावरील जुने संकेतस्थळ उघडत नाही. त्याचे वार्षिक नूतनीकरण मात्र साडेचार हजारांच्या आसपास आहे. डॉट इन्फोमधील नाव मोकळे आहे.

डॉट हॉलिडेचे नाव नेमके केव्हा आणि कसे हाती येऊ शकते? आणि अशा कमी चालणाऱ्या एक्स्टेन्शनच्या (नावाच्या शेवटचा 'डॉट'नंतरचा भाग) नावाचे मोल ठरवावे कशावरून? खर्च सर्वांनी वर्गणी काढून करायचा असल्यामुळे मला प्रत्येक रुपयाचे कारण सांगता आले पाहिजे.

उत्तर १ : कातळशिल्प (रत्नागिरी)

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. नाव बंद पडले म्हणजे ते मोकळे झाले, असा समज सर्वत्र आढळतो आणि त्यातूनच घाई होते. डॉट कॉम, डॉट इन्फो, डॉट हॉलिडे अशी जी सर्वसाधारण एक्स्टेन्शने आयकॅन या जगभरच्या डोमेन व्यवस्थेची देखरेख करणाऱ्या संस्थेच्या करारांखाली चालतात, त्यांत मुदत संपल्यानंतर रजिस्ट्रारकडे, म्हणजे नाव नोंदून देणाऱ्या कंपनीकडे, जास्तीत जास्त 45 दिवसांची सवलतीची मुदत असते, त्यानंतर 30 दिवसांचा रिडेम्प्शनचा, म्हणजे नाव सोडवून घेण्याचा, काळ येतो, मग पाच दिवस नाव 'पेंडिंग डिलीट' या अवस्थेत राहते आणि त्यानंतरच ते नोंदणीसाठी खुले होते. रिडेम्प्शन संपेपर्यंत मूळ मालकाला जादा शुल्क भरून नाव परत घेता येते. 'पेंडिंग डिलीट' लागल्यावर तो मार्गही बंद होतो. नाव कोणत्या टप्प्यावर आहे, हे आरडीएपीवर, म्हणजे डोमेनच्या नोंदणीचा तपशील दाखवणाऱ्या सेवेवर, शोध घेतल्यास स्पष्ट दिसते. जानेवारी 2025 पासून सर्वसाधारण एक्स्टेन्शनांसाठी जुन्या हूइजची जागा अधिकृतपणे त्याने घेतली आहे.

प्रत्यक्षात चांगली नावे या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाहीत, कारण बहुतेक मोठे रजिस्ट्रार सवलतीच्या मुदतीतच ती आपल्या लिलावात काढतात आणि जिंकणाऱ्याच्या नावे करून देतात. डॉट कॉममध्ये सुटणाऱ्या नावांसाठी यंत्रे टपून बसलेली असतात, त्यामुळे तेथे बॅकऑर्डर (नाव सुटताच ते आपल्यासाठी पकडण्याची आगाऊ मागणी) न लावता नाव मिळण्याची आशा धरू नये. कमी प्रचलित एक्स्टेन्शनमध्ये ही चढाओढ विरळ असते. डॉट हॉलिडेमधील एखाद्या किनारी गावाचे नाव सुटल्यास ते साध्या नोंदणीच्या दरात मिळण्याची शक्यता बरीच आहे, फक्त बॅकऑर्डर घेणारी संस्था ते एक्स्टेन्शन हाताळते का, हे आधी विचारून घ्यावे.

देशांच्या एक्स्टेन्शनांना आयकॅनचे हे वेळापत्रक बंधनकारक नसते. डॉट इनचे नियम ते एक्स्टेन्शन सांभाळणारी निक्सी ही भारतीय संस्था ठरवते. त्यामुळे वरचे दिवस मोजून डॉट इनच्या नावाची वाट पाहू नये.

आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी. 2013 नंतर आलेल्या नव्या एक्स्टेन्शनांमध्ये रजिस्ट्री, म्हणजे ते एक्स्टेन्शन चालवणारी संस्था, काही नावांना 'प्रीमियम' ठरवून वेगळा दर लावू शकते आणि काही वेळा तो चढा दर केवळ पहिल्या वर्षी नव्हे, तर प्रत्येक नूतनीकरणाला भरावा लागतो. पैसे भरण्यापूर्वी नूतनीकरणाचा आकडा पडद्यावर स्वतंत्रपणे पाहून घ्यावा. सर्वसाधारण नूतनीकरणाचे दर वाढवायचे असल्यास रजिस्ट्रीला 180 दिवस आधी रजिस्ट्रारांना कळवावे लागते आणि नोंदणी एकूण दहा वर्षांपर्यंत आगाऊ करता येते, म्हणून दरवाढीची सूचना कानावर आल्यास जुन्या दराने काही वर्षांचे पैसे भरून ठेवणे शहाणपणाचे.

उत्तर २ : सुरंगी (सावंतवाडी)

मोलाविषयी माझे मत थोडे परखड आहे. हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावात सुरमईचा भाव समोर उभे असलेले व्यापारी ठरवतात, आणि घेणारा एकच असेल तर मासा कितीही ताजा असो, भाव चढत नाही. आपल्या डॉट इनच्या नावाला आज दिसणारे गिऱ्हाईक फक्त आपणच आहात. विक्रेत्याला नाव सांभाळायला वर्षाला हजाराच्या आत खर्च येतो, म्हणून तो वाट पाहू शकतो, हे खरे. परंतु दापोलीतील एका गावाचे नाव असलेल्या डॉट इनला दुसरा खरेदीदार उद्या येईल, असे मानायला आधार नाही. स्वयंचलित मूल्यांकनाची पाने जे आकडे दाखवतात, ते सौदा करताना मनातही आणू नयेत. ती पाने शब्दांची लांबी आणि शोधसंख्या मोजतात, गिऱ्हाईक मोजत नाहीत. नेमबायोसारख्या ठिकाणी नोंदलेले प्रत्यक्ष व्यवहार पाहावेत आणि तेही त्याच एक्स्टेन्शनमधील. डॉट कॉम अमुक रकमेला गेले म्हणून डॉट इन त्याच्या निम्म्याने जाईल, असे कोणतेही गणित नाही.

मी किंमत अशी धरते: पाच वर्षांचे नूतनीकरण आणि खरेदीची रक्कम यांची बेरीज करावी, आणि हे नाव न घेता मोकळे असलेले पर्यायी नाव घेतल्यास पाच वर्षांत किती खर्च येईल, तो त्यातून वजा करावा. उरलेला फरक म्हणजे आपण त्या नावासाठी खरोखर मोजत असलेली किंमत. डॉट हॉलिडेचे पाच वर्षांचे साडेबावीस हजार होतात, म्हणजे नाव साध्या दराने मिळाले तरी ते स्वस्त नाही. डॉट इन पंधरा हजारांना मिळाले, तरी पाच वर्षांत ते डॉट हॉलिडेपेक्षा कमी खर्चाचे पडेल. आपल्या जागी मी असते, तर डॉट इनसाठी पंधरा हजारांच्या वर गेले नसते.

पैशाइतकाच नावाचा पूर्वेतिहास महत्त्वाचा. संकेतस्थळांची जुनी पाने जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये नाव टाकावे आणि प्रत्येक वर्षाचे एखादे तरी पान स्वतः उघडून पाहावे. एका नावाच्या बाबतीत मला आधी नारळाच्या झाडांचे छायाचित्र, खोल्यांचे दर आणि मोदकांची चौकशी करण्यासाठी दूरध्वनी क्रमांक असलेले साधे पान दिसले. त्यानंतर काही काळ काहीच नाही. आणि मग त्याच पत्त्यावर परदेशी भाषेतील जुगाराच्या जाहिरातींची रांग. असे नाव स्पॅमशी जोडलेल्या नावांच्या स्पॅमहॉसच्या यादीत आहे का, हे तपासावे, अन्यथा आपल्या बुकिंगच्या मेल पाहुण्यांच्या स्पॅममध्ये जातील. विक्रेता जुन्या दुव्यांचे, म्हणजे बॅकलिंकचे, मोल सांगू लागला तर त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. मार्च 2024 मध्ये गूगलने मुदत संपलेल्या नावाची जुनी पत वापरून निरुपयोगी मजकूर वर आणण्याच्या प्रकाराला स्पॅमच्या धोरणात स्पष्टपणे घातले आहे. आपले संकेतस्थळ खरे आणि उपयोगी असल्याने आपल्याला त्याची भीती नाही, पण जुन्या लौकिकाचा फायदाही गृहीत धरू नये.

एक्स्टेन्शन स्वतः किती भरवशाचे, हेही मोलात धरावे लागते. डॉट टीके, डॉट एमएल वगैरे नावे फुकट वाटणाऱ्या फ्रीनॉमने 2023 मध्ये नवी नोंदणी थांबवली आणि 2024 मध्ये या व्यवसायातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर 2024 मध्ये ब्रिटनने चागोस बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याचे जाहीर केल्यापासून त्या बेटांच्या डॉट आयओ या एक्स्टेन्शनच्या भवितव्याचीही चर्चा होत आहे. डॉट इनच्या बाबतीत हा घोर नाही, म्हणूनही माझे मत त्याच्याकडे झुकते.

उत्तर ३ : रेवदंडा_खाडी (अलिबाग)

वरील दोन्ही उत्तरे पटली. कायद्याची बाजू राहिली आहे, ती जोडतो. गावाचे नाव आणि 'स्टे' हे वर्णनात्मक असल्याने सहसा अडचण येऊ नये, परंतु जुना मालक त्याच नावाने हॉटेल किंवा लॉज चालवत असेल तर प्रश्न वेगळा होतो. डॉट इनच्या वादांसाठी निक्सीचे आयएनडीआरपी हे धोरण 2005 पासून आहे. सर्वसाधारण एक्स्टेन्शनांच्या वादांसाठी असलेल्या आयकॅनच्या यूडीआरपी या धोरणामध्ये नाव वाईट हेतूने नोंदले आणि वाईट हेतूने वापरले, या दोन्ही गोष्टी तक्रारदाराला दाखवाव्या लागतात. आयएनडीआरपीमध्ये त्यांपैकी एक दाखवली तरी पुरते. म्हणून ट्रेडमार्कच्या शासकीय नोंदणीत शोध घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. नाव आपल्या हाती आले की त्या नावाच्या मेल-पत्त्यांवर येणाऱ्या जुन्या मालकाच्या मेलही आपल्याकडे वळवता येतात. पाहुणे बुकिंगसाठी आधार कार्डाच्या प्रती पाठवतात, बँकेच्या पासवर्ड बदलण्याच्या मेल येतात. कोणत्याही पत्त्यावर आलेली मेल स्वीकारणारी कॅच-ऑल सोय चालू करू नये आणि जुना मालक तालुक्यातलाच असेल, तर त्याला आधी फोन करावा. किनाऱ्यावरचे हे सगळे व्यवसाय एकमेकांच्या ओळखीवर चालतात.

नाव फोनवर सांगून पाहावे, हेही सुचवतो. हर्णैचे स्पेलिंग कोणी एआयने संपवतो, कोणी नुसत्या ईने, आणि त्यात 'डॉट हॉलिडे' असे सांगितले तर ऐकणारा बहुधा त्यापुढे डॉट कॉम जोडतो. आपले डॉट कॉम दुसऱ्याकडे आहे, त्यामुळे चुकलेला पाहुणा थेट त्याच्या दारात जाणार.

कर्दे_किनारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आरडीएपीवर डॉट हॉलिडेचे नाव रिडेम्प्शनमध्ये दिसते. जुन्या पानावरील क्रमांक वेबॅक मशीनमध्ये मिळाला आणि तो आंजर्ल्यातील एका ओळखीच्या कुटुंबाचाच निघाला. नूतनीकरणाची सूचना बंद पडलेल्या मेलवर जात होती आणि त्यांना नाव गेल्याचे ठाऊकच नव्हते. ते नाव आपल्याला नको, असे ते म्हणतात, मात्र सामाईक संकेतस्थळात सहभागी व्हायची त्यांची इच्छा आहे. डॉट इनसाठी विक्रेत्याला बारा हजार कळवले आहेत. त्याचे उत्तर येईपर्यंत डॉट हॉलिडे त्यांच्याकडून सोडवून घ्यावे का?

कातळशिल्प

आता सोडवून घेऊ नये. रिडेम्प्शनचे शुल्क नूतनीकरणापेक्षा वेगळे आणि बऱ्याचदा त्याहून मोठे असते, आणि मालकाने नको म्हटल्यावर ते भरण्यात अर्थ नाही. विक्रेता बारा ते पंधरा हजारांत तयार झाला, तर पैसे थेट न देता एस्क्रोमार्फत, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत रक्कम सांभाळणाऱ्या त्रयस्थामार्फत, द्यावेत आणि नाव आपल्या रजिस्ट्रारच्या खात्यात दिसल्यावरच रक्कम मोकळी करावी. तो तयार झाला नाही, तर डॉट हॉलिडे सुटण्याची वाट पाहायला आपल्याकडे वेळ आहे, आणि तोपर्यंत डॉट इन्फो घेऊन संकेतस्थळाचे काम सुरू करता येईल. नोंदणी मात्र एखाद्या व्यक्तीच्या मेलवर न करता, वर्गणीदारांपैकी किमान दोघांना उघडता येईल अशा सामाईक मेलवर करावी आणि तो मेल याच डोमेनवरचा नसावा.