६३३ नॅनोमीटरच्या लेझरने १ नॅनोमीटर मोजता येतं, मग तेवढं बारीक कोरता का येत नाही?

व्हीएमसीवाला:
भोसरीत एका शॉपमध्ये क्वालिटीला आहे. परवा आमच्या व्हीएमसीच्या (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन) कॅलिब्रेशनला बाहेरून माणूस आलेला, लेझर इंटरफेरोमीटर घेऊन. टेबल थोडंथोडं पुढे घ्यायचं आणि मशीन काय सांगतं, लेझर काय सांगतो ते ताडून बघायचं, स्क्रीनवर आकडा पार नॅनोमीटरपर्यंत हलत होता. विचारलं तर म्हणाला हेलियम-निऑन आहे, ६३३ नॅनोमीटर. आता लाटच ६३३ ची तर तिने १ कसं मोजतात? आणि मोजता येतं तर चिपवाले एवढा खर्च कशाला करतात, याच लाल लेझरने का नाही कोरत? कोणीतरी नीट समजावून सांगा प्लीज.

फ्रिंजमास्तर:
पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो. आत बीमचे दोन भाग होतात, एक जागच्या रिफ्लेक्टरवरून परत येतो, दुसरा टेबलावरच्या हलत्या रिफ्लेक्टरवरून, आणि डिटेक्टरवर दोन्ही एकत्र येतात. लाटा जुळल्या की उजेड, उलट्या पडल्या की अंधार. प्रकाश जाऊन परत येतो म्हणून टेबल अर्धी वेव्हलेंथ, म्हणजे ३१६ नॅनोमीटर सरकलं की एक फ्रिंज, म्हणजे उजेड-अंधाराचा एक फेरा, पूर्ण. पण उजेड बटण दाबल्यासारखा चालू-बंद होत नाही, हळूहळू चढतो आणि उतरतो, त्या चढउतारात आपण आत्ता नेमके कुठे आहोत ते इलेक्ट्रॉनिक्स ओळखतं, त्यामुळे एका फ्रिंजचे शेकडो भाग आरामात पडतात.
अमेरिकन शास्त्रज्ञ मायकेलसनने याच पद्धतीने १८९२-९३ मध्ये पॅरिसजवळ सेव्रला मीटरचा प्रोटोटाइप कॅडमियमच्या लाल प्रकाशात मोजला, १५ लाख ५३ हजारांच्या वर लाटा भरल्या, आणि तेव्हा लेझर नव्हताच! मला अजूनही हे वाचलं की भारी वाटतं. हेच टोकाला नेलं की लायगो, अमेरिकेतली गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा. १०६४ नॅनोमीटरचा लेझर, ४ किलोमीटरच्या दोन भुजा, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये सापडलेल्या गुरुत्वीय लहरीने आरसे हलले ते प्रोटॉनच्या व्यासाच्याही शेकडो पट कमी. आपल्या हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होणार आहे ती याच जातीची.

रेझिस्टवाली:
कोरण्याचं गणित पूर्ण वेगळं आहे दादा. मोजताना प्रश्न एकच, आरसा किती सरकला, आणि अब्जावधी फोटॉन मिळून त्याचं उत्तर देतात म्हणून ते बारीक होत जातं. कोरताना प्रश्न असतो की शेजारच्या दोन रेघा वेगळ्या राहतील का. जाड खडूच्या रेघेचा मध्य कुठे आहे ते मिलिमीटरमध्ये सांगता येतं, पण त्याच खडूने मिलिमीटरच्या अंतरावर दोन रेघा नाही ओढता येत.
लेन्स प्रकाशाला साधारण अर्ध्या वेव्हलेंथपेक्षा लहान ठिपक्यात गोळा करू शकत नाही. म्हणून चिपवाले वेव्हलेंथच कमी करत गेले. १९३ नॅनोमीटरचा लेझर, त्यात लेन्स आणि वेफरच्या (ज्यावर चिप कोरतात ती सिलिकॉनची चकती) मध्ये पाणी, तरी एका एक्स्पोजरला ४० नॅनोमीटरच्या रेघेच्या फार खाली जाता येत नाही. मग आलं ईयूव्ही, म्हणजे एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट प्रकाश, १३.५ नॅनोमीटर. वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५० हजार सोडायचे आणि प्रत्येकाला कार्बन डायऑक्साइड लेझरने फोडायचं, त्या प्लाझ्मातून हा प्रकाश निघतो. तो हवाही शोषते आणि काचही, म्हणून सगळं व्हॅक्यूममध्ये आणि लेन्सऐवजी आरसे. खर्च तिथे जातो.
आणि तुमचं मोजमाप तिथेही लागतंच, कारण एकावर एक लेयर दोनचार नॅनोमीटरच्या आत बसवायचे असतात. वेफरची जागा धरायला कितीतरी वर्षं इंटरफेरोमीटरच वापरलेत.

व्हीएमसीवाला:
दोघांचे खूप आभार, खडूचं एकदम डोक्यात बसलं. मग स्क्रीनवरचे शेवटचे आकडे खरे धरायचे का?

फ्रिंजमास्तर:
नाही. ते रेझोल्यूशन झालं, म्हणजे आकडा किती बारीक दिसतो; अ‍ॅक्युरसी, म्हणजे तो किती खरा आहे, ते नाही. हवेचं टेंपरेचर १ डिग्रीने बदललं की वेव्हलेंथ दहा लाखात एक भाग बदलते, म्हणजे मीटरला १ मायक्रॉन तिथेच गेला. स्टील तर मीटरला डिग्रीमागे ११-१२ मायक्रॉन वाढतं! म्हणून हवेचं टेंपरेचर, प्रेशर, ह्युमिडिटी घ्यायला एक सेन्सर आणि मशीनला चिकटवायला वेगळा सेन्सर असतो, आणि सगळं २० डिग्रीला आणून रिपोर्ट देतात. बीमच्या वाटेत पंख्याचा झोत असला तरी आकडा नाचतो. तुमच्या रिपोर्टवर मटेरियल टेंपरेचर लिहिलंय का बघा, नसेल तर त्या माणसाला फोन करून विचाराच.